क्वार्ट्झच्या नावाखाली माथी मारलेला ओटा

गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, नाशिकमध्ये नवा फ्लॅट घेतलेला जो तो हल्ली काळ्या ग्रॅनाइटऐवजी पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा मागतो. मागणी वाढली की भेसळ येते, आणि ती दगडातही येते. आमच्या इंदिरानगरच्या घरी क्वार्ट्झचे पैसे घेऊन जो दगड बसवून गेले, तो क्वार्ट्झ नव्हताच. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण ज्या पद्धतीनं आम्हाला फसवलं ती कुणाच्याही घरी खपून जाईल अशी आहे.

क्वार्ट्झची लादी खाणीतून अखंड निघत नाही, ती कारखान्यात तयार होते. क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा वजनानं साधारण 90 टक्के किंवा थोडा जास्त, आणि उरलेलं पॉलिएस्टर रेझिन आणि रंग. हे मिश्रण हवा काढून, कंप देत दाबतात आणि मग उष्णता देऊन कडक करतात. हे तंत्र इटलीतल्या ब्रेटन कंपनीचं. आता याच रेझिनमध्ये क्वार्ट्झऐवजी संगमरवराचा चुरा घातला की तयार होतं ते कंपोझिट मार्बल. दिसायला तसंच शुभ्र, तशीच चकाकी, वर तशाच राखाडी रेषा. भिंतीला लावा, हॉलमध्ये अंथरा, काही बिघडत नाही. पण ओट्यासाठी ते कुचकामी, कारण संगमरवराला आंबट सोसत नाही आणि आपल्या स्वयंपाकात लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, दही रोजचंच.

दुकानात आम्हाला जे दाखवलं ते अस्सल होतं, आणि फसवणुकीचं सगळं गणित इथेच आहे. दुकानदारानं सॅम्पलचा तुकडा समोर ठेवला, त्यावर लिंबू पिळलं, किल्लीनं जोरात ओरखडा काढला, हळदीचं पाणी ओतून फडक्यानं पुसून दाखवलं. तुकड्यावर डाग नाही, चरा नाही. "ताई, 25 वर्षं बघायचं काम नाही. गॅसवरचा कुकर उचलून थेट ठेवा, ढिम्म हलणार नाही." तो तुकडा टाइल्सचा रंग जुळवायला आम्ही घरी आणला. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं: क्वार्ट्झ, 20 एमएम, चौरस फुटाला 420 रुपये. फिटिंग आणि मोल्डिंग धरून 25 हजारांच्या वर गेलं.

कुकरची बात तर खऱ्या क्वार्ट्झलाही लागू नाही. दगड टिकतो, पण त्यातलं रेझिन साधारण 150 अंशांच्या पुढे टिकत नाही. माझ्या नणंदेकडे नाशिकरोडला चांगल्या कंपनीचा अस्सल क्वार्ट्झ आहे. भाकरी झाल्यावर तिनं एकदा तापलेला तवा तसाच ओट्यावर टेकवला, त्याचा पिवळसर तपकिरी गोल आजही तिथेच आहे. जळलेलं रेझिन कुठल्याही पावडरनं पुसून निघत नाही. त्यामुळे "थेट गरम भांडं ठेवा" असं जो विक्रेता सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

आमचा ओटा बसला तेव्हा तो सुंदर दिसत होता, यात वाद नाही. चैत्रात सासूबाईंनी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या, गर काढला, पातेलं ओट्यावर राहिलं. संध्याकाळी ओटा पुसला तरी पातेल्याच्या बुडाएवढं एक कडं दिसतच राहिलं. समोरून नीट दिसायचं नाही. खिडकीच्या उजेडात मान तिरकी करून पाहिलं की चकाकत्या पांढऱ्यावर तेवढंच मंद पडलेलं वर्तुळ उठून दिसायचं, आणि बोट फिरवलं तर आजूबाजूला गुळगुळीत, कड्यावर मात्र खरखरीत. तो डाग नव्हताच, आंबटानं दगडाचा वरचा थर खाल्ला होता. मग एकेक सापडत गेलं: सिंकजवळ लिंबाची फोड उपडी ठेवायची जागा, दह्याच्या भांड्याची जागा.

दुकानदाराला फोन केला. सासूबाईंना म्हणाला, "काकू, नवीन दगड आहे, सुरुवातीला असं होतंच. माणूस पाठवतो, सीलर मारून देईल, दीड हजार होतील." माझ्या मनात शंका पक्की झाली ती या उत्तरानं. ग्रॅनाइट आणि संगमरवराला सूक्ष्म छिद्रं असतात, म्हणून त्यांना सीलर लावतात. क्वार्ट्झला रेझिनमुळे छिद्रंच नसतात, त्याला सीलर कधीच लागत नाही. क्वार्ट्झ विकणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

सिंकसाठी कापून काढलेला तुकडा सासूबाईंनी गॅलरीत कुंड्यांखाली ठेवला होता. तो धुऊन घेतला आणि शेजारी दुकानातलं सॅम्पल ठेवलं. स्टीलच्या सुरीचं टोक दोन्हींवर सारखंच दाबून ओढलं. सॅम्पलवर राखाडी रेघ उमटली, ती बोटानं पुसली गेली. म्हणजे दगडाला काही झालं नाही, झिजली ती सुरी. ओट्याच्या तुकड्यावर मात्र बारीक खाच पडली आणि तिच्या कडेला पांढरी भुकटी जमली. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ 7, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास आणि संगमरवरातलं कॅल्साइट 3, म्हणून हा फरक. मग त्या भुकटीवर आणि सॅम्पलवर व्हिनेगरचा एकेक थेंब टाकला. सॅम्पलवरचा थेंब तसाच राहिला. ओट्याच्या तुकड्यावर कानाशी नेल्यावर ऐकू येईल अशी सळसळ, आणि खाचेच्या कडेनं बारीक बुडबुडे.

त्याच तुकड्याची जाडी मोजली तर 15 एमएम. ओट्याची पुढची कड जाड दिसते, कारण तिथे खालून जादा पट्टी चिकटवून डबल मोल्डिंग केलेलं असतं. डबल पट्टी करणं गैर नाही, पण 20 चे पैसे घेऊन 15 बसवलं तर समोरून ते कधीच कळणार नाही. जाडी मोजायची ती सिंकच्या किंवा शेगडीच्या कापावर.

दुकानात गेलो तेव्हा त्यानं बिल पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं "आर्टिफिशियल व्हाइट स्टोन, फिटिंगसह". "यात क्वार्ट्झ कुठे लिहिलंय, दाखवा." त्याच्याच नंबरवरून आलेलं कोटेशन दाखवल्यावर आवाज खाली आला, पण चूक कबूल केली नाही. कोटेशनमध्ये एक शब्द आणि बिलात दुसरा, हे त्यानं ठरवूनच केलं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याचा निरोप आला: अर्धे पैसे परत देतो, "तक्रार नाही" असं लिहून द्या. आम्ही नकार दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ती अजून चालू आहे. ज्यांना कोर्टाच्या नावानं धडकी भरते त्यांच्यासाठी सांगते: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

ओटा करायला निघाला असाल तर सॅम्पलवर जाऊ नका, कापायच्या आधी अख्खा स्लॅब बघा. कंपनीच्या मालावर मागच्या बाजूला किंवा कडेला नाव आणि बॅच नंबर असतो, त्याचा फोटो काढा आणि मागे मार्करनं सही करा. दोन स्लॅब लागणार असतील तर दोन्ही एकाच बॅचचे घ्या, नाहीतर जोडावर रंग वेगळा दिसतो. जोड सिंकवर येऊ देऊ नका आणि शेगडीच्या कापाचे कोपरे गोलसर करून घ्या, काटकोनातून तडा जातो. बिलावर क्वार्ट्झ हा शब्द, कंपनीचं नाव आणि जाडी असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणि कापून काढलेले तुकडे मिस्त्रीला नेऊ देऊ नका. आमच्याकडे तो तुकडा नसता तर आज हातात काहीच नसतं.

एक गोष्ट यात सहसा कुणी बोलत नाही. आमच्याकडे आलेल्या दोन पोरांनी गॅलरीत कोरडंच ग्राइंडर चालवलं, तोंडाला नुसता रुमाल. आमचा निघाला संगमरवर, पण ती पोरं उद्या कुणाकडे अस्सल क्वार्ट्झही असाच कापणार. त्या धुळीत सिलिका भरपूर असते आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कामगारांच्या याच आजारामुळे ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून या दगडावर बंदी घातली. तुमच्याकडे काम चालू असेल तर पाणी सोडत कापायला सांगा, घराबाहेर कापायला सांगा, पोरांना चांगले मास्क आणून द्या.

अस्सल क्वार्ट्झला रोज भांड्यांचा साधा साबण आणि ओलं फडकं पुरतं. हळद सांडली तर लगेच पुसायची, रात्रभर ठेवायची नाही. बाथरूमचं अ‍ॅसिड, ब्लीच आणि तारेची घासणी ओट्यापासून लांब. कढई-तव्याखाली लाकडी पाट किंवा जाळी हवीच. ऊन पडणाऱ्या बाल्कनीत तो बसवू नका, उन्हानं रेझिन पिवळं पडतं. तिथे आपला ग्रॅनाइटच बरा.