नौपाड्यातील वाचनालय : सभासदांना सामावून घेणारी संस्था
ज्या ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, तेथे वाचनालयांकडून अपेक्षा मोठ्याच असतात. नौपाड्यातील आमचे छोटे सार्वजनिक वाचनालय त्या पुऱ्या करते, कारण येथे सभासदाला केवळ पुस्तके नेणारा मानले जात नाही. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीदिनी होणाऱ्या अभिवाचनात कोणीही भाग घेऊ शकतो, मात्र आधी तालीम सक्तीची असते. गेल्या वेळी ग्रंथपालबाईंनी एका शाळकरी मुलीला ‘स्वल्पविरामाला थांब, श्वास घे’ असे सांगत तोच परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि कार्यक्रमात तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचला. ही तालीम मला कार्यक्रमाइतकीच मोलाची वाटते. ज्यांना व्यासपीठ नको, त्यांना सुट्या झालेल्या पानांना खळ लावून पुस्तके पुन्हा बांधण्याचे काम शिकवले जाते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मात्र भर दुपारी साजरा होतो, त्यामुळे नोकरदारांना येता येत नाही. तो संध्याकाळी, माणसे लोकलने परतल्यावर व्हायला हवा. नावनोंदणी देवघेवीच्या टेबलावरील वहीत होते आणि सभासद नसलेल्यांनाही ती खुली आहे.