दोघा भावांचा काजू कारखाना: एकाच्या नावावर, भागीदारीत की एलएलपीत?

मार्चमध्ये वेंगुर्ला-सावंतवाडीकडे काजू बी बाजारात येते आणि घराघरांत एक बेत शिजायला लागतो. गावातला भाऊ बी घेणार, फोडून घेणार; मुंबईतला चाकरमानी भाऊ गर विकणार. शेड ठरते, यंत्रं ठरतात, कर्जासाठी बँकेच्या फेऱ्या सुरू होतात. धंदा कोणाच्या नावावर, एवढा प्रश्न मात्र "तुझ्याच नावावर काढ, आपल्यात काय वेगळं?" या एका वाक्यात उरकला जातो. माझं म्हणणं आहे की सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाला द्या.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, बँक खातं एकाच्या नावावर. भांडवल दोघांचं, कारभार दोघांचा आणि नफा निम्मा-निम्मा. याला लोक प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाचा धंदा, म्हणतात. १९३२ चा भागीदारी कायदा मात्र नावापेक्षा दोघांमधला खरा व्यवहार बघतो, आणि तो अशा धंद्याला भागीदारी ठरवू शकतो. मग भागीदारीची सगळी जोखीम अंगावर येते आणि नोंदणीचं बळ नसतंच.

आमच्या घरात याची झळ बसली आहे. वडील आणि काका एकत्र कारखाना चालवायचे. करारनामा स्टॅम्प पेपरवर लिहून कपाटात ठेवलेला. एका व्यापाऱ्याने दिवाळीचा माल उचलला आणि पैसे थकवले. वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "फर्म निबंधकांकडे नोंदलेली आहे का?" नव्हती. भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मला, म्हणजे भागीदारीला, करारातली येणी वसूल करायला दावा लावता येत नाही. तिच्यावर दावा लावायला मात्र कोणालाच अडचण नाही. नोंदणी करून नंतर दावा लावता येतो, पण अशा वसुलीला मुदत तीन वर्षांची, आणि त्यातली बरीचशी आम्ही "देतो, देतो" ऐकण्यात घालवली होती. निम्म्या रकमेवर तडजोड झाली. त्या वर्षी काका घरात फार बोलत नसत.

आता कर, कारण इथे एकट्याच्या धंद्याचं पारडं चांगलंच जड आहे. समजा वर्षाची उलाढाल १ कोटी आणि सगळे पैसे बँकेतून आले. अनुमानित कर योजनेत खर्चाचा हिशोब न देता उलाढालीच्या ६ टक्के, म्हणजे किमान ६ लाख नफा दाखवायचा. मालक एकटा असेल आणि त्याला दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट असल्याने त्याचा कर शून्य. तोच नफा फर्मने दाखवला तर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे १,८७,२०० रुपये. या योजनेत भागीदारांचा पगार वेगळा वजा होत नाही. रीतसर हिशोब ठेवले तर तो मर्यादेत वजा होतो, पण मग भागीदाराच्या हातात त्यावर कर लागतो, आणि वर्षाला २०,००० च्या पुढे फर्मला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. एलएलपीला, म्हणजे भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या भागीदारीला, तर ही अनुमानित योजनाच नाही.

एलएलपीचं आकर्षण "घरदार सुरक्षित राहतं" हे. ते अर्धंच खरं आहे. काजूच्या धंद्यात वर्षभराची बी सीझनमध्ये भरावी लागते, त्यामुळे कर्ज मोठं, आणि बँक भागीदारांची वैयक्तिक हमी बहुधा मागतेच. हमी दिली की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. स्वतःच्या चुकीची जबाबदारीही ज्याची त्याच्यावरच राहते. शिवाय एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरावा लागतो. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की लेखापरीक्षण आलं. बाहेरचा गुंतवणूकदार येणार असेल तर हा व्याप सोसावा. दोन भावांसाठी मला तो जड वाटतो.

कामगारांच्या बाबतीत तिन्ही प्रकारांना नियम तेच. गर सोलणाऱ्या बायकांना किलोमागे मजुरी दिली तरी किमान वेतन लागू होतं. माणसं १० झाली की ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. २० झाली की पीएफ, आणि विजेवर चालणारी शेड असेल तर कारखाना म्हणून नोंदणी. फरक पडतो तो जबाबदारी कोणावर यात. फर्मच्या कारखान्यात कोणत्याही भागीदाराला भोगवटादार (कारखान्यासाठी कायद्याने जबाबदार माणूस) धरून खटला भरता येतो. कधी शेडमध्ये पाऊल न टाकलेला मुंबईचा भाऊही त्यात आला.

म्हणून मी असं सांगेन. पैसा आणि निर्णय खरोखर एकाचे असतील तर प्रोप्रायटरी करा, आणि दुसऱ्या भावाला पगार किंवा विक्रीवर कमिशन द्या. त्याने पैसे घातले असतील तर ते कर्ज म्हणून लिहून ठेवा आणि नफ्यात वाटा ठेवू नका. दोघांचं भांडवल आणि दोघांचा शब्द असेल तर कर जास्त बसला तरी नोंदणीकृत भागीदारीच. करारनाम्यात निदान तीन गोष्टी हव्यात. एक भाऊ गेला तर त्याच्या बायकामुलांचा हिस्सा कसा मोजायचा, कारण दोघांची फर्म एकाच्या मृत्यूने संपतेच. कर्जावर सही कोणाची. आणि शेड सामायिक सातबाऱ्यावर असेल तर ती जमीन फर्मची मालमत्ता आहे की नुसती वापरायला दिलेली. या तिसऱ्या मुद्द्यावर बाकीच्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या. मे महिन्यात सगळे गावी येतात तेव्हा सह्या मिळतात.

उद्यम नोंदणी कोणत्याही प्रकारात फुकट आहे. ती असली की माल बनवून विकणाऱ्या छोट्या कारखानदाराला गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. निबंधकांकडचा अर्ज आणि ही नोंदणी, दोन्ही पहिलं बिल फाडायच्या आधी करा.