थर्मल कॅमेऱ्याची लेन्स: ९ मिमी की २५ मिमी? एका जिनिंग हंगामानंतर

सर्व्हिस सेंटरकडून थर्मल कॅमेरा, म्हणजे वस्तूची उष्णता टिपून तापमान दाखवणारा कॅमेरा, परवा परत आला, म्हणून आता लिहितोय. ३८४ बाय २८८ सेन्सर, १२ मायक्रॉन पिक्सेल, सोबत आलेली ९ मिमी लेन्स (रुंद दृश्य दाखवणारी), आणि नंतर वेगळी घेतलेली २५ मिमी (लांबचं जवळ आणणारी). परभणी भागातल्या जिनिंग-प्रेसिंगचं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स आमच्याकडं आहे. कापसाच्या गंजीशेजारी एखादा लग (केबलच्या टोकाचा जोड) तापला तर काय होतं, हे इकडं कुणाला सांगायला नको.

९ मिमीवर आधी माझा फार राग होता. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवरचा) तारा जोडणारा क्लॅम्प खालून दहा मीटरवर असतो. तिथं या लेन्सचा एक पिक्सेल साधारण १३ मिमी जागा व्यापतो. तापमानाच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा तर वस्तूवर किमान तीन बाय तीन पिक्सेल पडावे लागतात, म्हणजे ४० मिमी. रॅबिट कंडक्टरची, म्हणजे लाइनच्या तारेची, जाडीच मुळात १० मिमी! मग मागचं थंड आभाळ त्याच पिक्सेलमध्ये मिसळतं आणि तापमान कमी दिसतं. एक जंपर (दोन तारा जोडणारा छोटा तुकडा) ९ मिमीनं ५८ अंश दाखवला, तोच २५ मिमीनं ९१. शटडाऊन घेऊन क्लॅम्प उघडला, तर आतल्या तारा काळ्या पडून खड्डे पडलेले.

तेव्हा वाटलं, ९ मिमी विकून टाकावी. पण पॅनेल रूममध्ये मत बदललं. एक मीटरवरून २५ मिमीत जेमतेम १८ सेंटीमीटर रुंदी दिसते, आणि मागं सरकायला भिंत जागा देत नाही. ९ मिमीत अर्धा मीटर एका नजरेत येतो. खोलीतल्या पॅनेलचंच काम असेल तर दुसऱ्या लेन्सवर पैसे घालू नका.

आता सर्व्हिस. प्रत्येक लेन्स त्याच कॅमेऱ्यावर कॅलिब्रेट करावी लागते, म्हणजे तापमान बरोबर दाखवेल अशी जुळवून घ्यावी लागते. नाहीतर चित्र सुरेख येतं आणि तापमान चुकतं. हे विकताना कुणी बोललं नाही. नंतर म्हणाले, कॅमेरा पाठवा, चार्ज वेगळा. ऐन हंगामात कॅमेरा त्यांच्याकडं पडून!

पण खरा संताप टोपणाचा. एवढ्या महागाची जर्मेनियमची लेन्स, आणि तिला ढिलं रबरी टोपण, दोरीसुद्धा नाही. शिडीवर एक हात कठड्याला, एका हातात कॅमेरा, टोपण कुठं धरायचं? ते सरकीच्या ढिगात पडतं, त्याला रुई चिकटते, तसंच परत लावलं की रुईतली माती लेन्सवरच्या पातळ थरावर, म्हणजे कोटिंगवर, घासली जाते. पुढं साधी काच लावायचीही सोय नाही, कारण काचेतून ही उष्णता आरपार जात नाही. कोटिंग गेलं की लेन्स गेली, कारण उघडं जर्मेनियम बराचसा प्रकाश परतवून लावतं. मी टोपणाला भोक पाडून नायलॉनची दोरी ओवली. लेन्स आधी ब्लोअरनं झटकतो, मगच लेन्स टिश्यू. शर्टाचं टोक कधीच नाही.

सुटं टोपण मागितलं तर म्हणे लेन्ससोबतच मिळतं. घेणार असाल तर कोटेशनमध्ये दोन्ही लेन्सचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आणि एक जादा टोपण लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.