ॲलिस इन चेन्सचा 'जार ऑफ फ्लाइज' : ग्रंजने रॉकची वाट लावली म्हणणाऱ्यांनी हा अर्धा तास काढाच

माझा एक मित्र आहे, गिटार वाजवतो, ८०च्या दशकातला हार्ड रॉक म्हणजे त्याचा जीव की प्राण. ग्रंजचं, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिएटलमधून आलेल्या जड, उदास रॉकचं नाव काढलं की त्याचं ठरलेलंच असतं, या सिएटलवाल्यांनी रॉकची वाट लावली, गिटारचे सोलो संपवले, मजा संपवली, सगळ्याचं रडगाणं करून टाकलं. यावरून आमचं किती वेळा वाजलंय त्याची मोजदाद नाही. मागच्या आठवड्यात परत तेच झालं आणि घरी आल्या आल्या मी हेडफोन घालून त्याच सिएटलच्या ॲलिस इन चेन्स या बँडचा 'जार ऑफ फ्लाइज' लावला, सलग तीनदा ऐकला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

जानेवारी १९९४चा हा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, सात गाणी, जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज. टूरवरून परत आले तर भाडं थकल्यामुळे घर गेलेलं, म्हणून ही मंडळी सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओतच जाऊन राहिली आणि सप्टेंबर १९९३मध्ये आठवडाभरात हे सगळं लिहून रेकॉर्ड करून मोकळी झाली. त्यांचा आधीचा अल्बम 'डर्ट' म्हणजे नुसता घणाचा घाव, आणि त्यानंतर हे, बरंचसं अकूस्टिक, हळू, मोकळं. आणि हा थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या अल्बम चार्टवर एक नंबरला उतरला! एखादा ईपी पहिल्याच फटक्यात तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. यापेक्षा मेनस्ट्रीम अजून काय असतं सांगा.

आता यातलं 'नटशेल' हे गाणं. अकूस्टिक गिटारचे तेच कॉर्ड फिरत राहतात, त्याखाली माइक आयनेझचा बास गुणगुणल्यासारखा चालतो आणि बँडचा गायक लेन स्टेली गायला लागतो, अजिबात ओरडत नाही, जोर लावत नाही, पण प्रत्येक शब्द आतून खरवडून काढल्यासारखा येतो. कोरस म्हणावा असा कोरसच नाही गाण्याला. शब्द संपतात आणि मग गिटारवाल्या जेरी कँट्रेलचा सोलो सुरू होतो. तो सोलो नीट ऐका. बोटांची कसरत शून्य, एकेक सूर ओढून धरलेला, लेनला जे बोलता आलं नाही ते गिटार पुढे नेतेय असं वाटतं, आणि तसंच वाजत वाजत गाणं संपून जातं. मला दर वेळी गलबलून येतं इथे. सोलो संपले म्हणणाऱ्याला मी हेच गाणं लावून देईन. ग्रंजने सोलोला गाण्याच्या कामाला लावलं, बस. पर्ल जॅम आणि साउंडगार्डन या सिएटलच्याच बँडचे गिटारवाले, माइक मॅकक्रीडी आणि किम थायल, ऐकले तरी हे कळतं.

मित्राचं सगळंच चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. १९९१च्या सप्टेंबरमध्ये निर्वाणा या ग्रंज बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला, जानेवारी ९२मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली खेचून एक नंबर घेतला, आणि मग रेकॉर्ड कंपन्यांनी ज्या ग्लॅम बँडना, म्हणजे ८०च्या दशकातल्या त्या चकचकीत हार्ड रॉकवाल्यांना, डोक्यावर घेतलं होतं त्यांनाच वाऱ्यावर सोडलं. त्यात खरंच चांगले वाजवणारे लोक होते, त्यांचं वाईट झालं. पण तेव्हाचा मेनस्ट्रीम रॉक आठवून बघा, तोही कॉपीची कॉपीच झाला होता, तेच फुगवलेले केस, दर अल्बमला एक पॉवर बॅलड, म्हणजे भावुक संथ गाणं, जणू कंपल्सरी, व्हिडिओत बायका फक्त शोभेला. लोक कंटाळले होते म्हणून तर दुसरं काही आल्यावर इतक्या झटक्यात तिकडे वळले ना?

आणि या ईपीच्या नावामागची गोष्ट तर या सगळ्या वादाला चपखल बसते. जेरीने शाळेत, तिसरीत असताना एक प्रयोग केला होता, दोन बरण्या, दोन्हीत माश्या, एकीला भरपूर खायला घालायचं आणि दुसरीला कमी. भरपूर खाणाऱ्या बरणीतल्या माश्या काही दिवस जोरात वाढल्या आणि मग गर्दी होऊन मेल्या, कमी खाणाऱ्या बऱ्याच जास्त टिकल्या. माझ्या मते रॉकचं नुकसान झालं ते असं. सिएटलच्या छोट्या छोट्या क्लबांत वाढलेल्या गोष्टीला कंपन्यांनी एकदम इतकं खायला घातलं की दोन-तीन वर्षांत तिचाच कारखाना झाला. हळू कडवं आणि मोठा कोरस, घशातून काढलेला जड आवाज, दुःख का आहे ते गाणाऱ्यालाही माहीत नाही असे बँड रांगेने आले आणि करोडोंनी विकले गेले. त्यात १९९६च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टने अमेरिकेत एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादाच काढून टाकली, मग शेकडो स्टेशनं एकेका मालकाकडे गेली आणि सगळीकडे तीच यादी वाजायला लागली. याचं खापर लेन आणि जेरीवर कसं फोडणार? त्यांनी तर उलट त्याच काळात हे असं काहीतरी करून ठेवलं.

बाकी गाण्यांचं म्हणाल तर 'रॉटन ॲपल' जवळपास सात मिनिटं चालतं आणि कुठेही लांबलं असं वाटत नाही, सुरुवातीचा बास तर अंगावर येतो. 'नो एक्स्क्यूजेस' माझं सगळ्यात लाडकं, शॉन किनीचे ड्रम्स इतके उड्या मारत येतात आणि वर लेन-जेरीचे दोन आवाज एकमेकांना इतके चिकटून गातात की मेन कुठला आणि साथीचा कुठला ते सांगता येत नाही. कोण म्हणतं ग्रंजमध्ये आनंद नाही! 'आय स्टे अवे'मध्ये तंतुवाद्यं घेतलीत, ती उगाच भव्यतेसाठी नाहीत, गाणं अस्वस्थ होत जातं तशी ती पण होतात. 'व्हेल अँड वॉस्प' नुसतं वाद्यांचं, छान आहे. शेवटचं 'स्विंग ऑन धिस' मात्र मला अजूनही पटलेलं नाही, इतक्या सलग मूडनंतर ती जॅझसारखी चाल मधेच घुसल्यासारखी वाटते, म्हणून अर्धा स्टार कापतोय. साडेचार.

ऐकताना शफल लावू नका, पहिल्यापासून लावा आणि 'डोन्ट फॉलो'पर्यंत या. त्यात आधी जेरी एकटा गातो, हार्मोनिका वाजत असते, सगळं निवांत चाललेलं असतं आणि अर्ध्यावर लेनचा आवाज येतो, तिथे व्हॉल्यूम थोडा वाढवा.