आधी वॅक्स, मग ‘लेसर’: लेकीच्या हनुवटीवर गेलेले १८,००० रुपये

दहावीनंतर माझ्या लेकीच्या हनुवटीवर राठ, काळे केस यायला लागले. आमच्या परभणीत उन्हाळ्यात सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात. ही पावसाळ्यातही सोडेना. कॉलेजात कोणी काय बोललं ते तिनं मला फार उशिरा सांगितलं.

‘चेहऱ्यावरचे केस कायमचे घालवा, लेसर’ अशी पाटी एका पार्लरवर दिसली. आठ सिटिंगचं पॅकेज, १८,००० रुपये, सगळे आधी. पार्लरवाली म्हणाली, “ताई, पुन्हा दोरा लावायची वेळ येणार नाही.” सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते. १०,००० रोख दिले, ८,००० फोनपेनं. पावती मागितली तर कार्डाच्या मागं आकडा लिहून दिला.

दर वेळी मी शेजारीच बसायचे, त्यामुळं सगळं डोळ्यांसमोर आहे. आधी गरम वॅक्स. पट्टी ओढली की लेकरू माझं मनगट घट्ट धरायचं. राहिलेले केस दोऱ्यानं काढायचे. मग थंड जेल लावून ड्रायरएवढं यंत्र हनुवटीवरून फिरवायचं, लाल उजेड पडायचा, पाच मिनिटांत काम संपलं. लेकीच्या डोळ्यांवर चष्मा नाही, त्या बाईच्याही नाही. हनुवटी गुळगुळीत दिसायची, आम्ही समाधानानं घरी यायचो. तीन आठवड्यांत केस परत. “मुळं कमजोर व्हायलीत, पॅकेज पुरं होऊ द्या,” हे ठरलेलं उत्तर.

सहाव्या सिटिंगला वॅक्सनं हनुवटी भाजली. जखम भरली, काळे डाग राहिले. सातव्या वेळी गेलो तर शटर खाली आणि फोन बंद.

मग सरकारी दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीत नेलं. मी सगळं सांगत होते, डॉक्टर मॅडमनी मधेच थांबवलं. “लेसरच्या आधी वॅक्स करायचे?” त्यांनी नीट समजावलं. लेसरचा उजेड केसातला काळा रंग धरतो आणि त्याच्या उष्णतेनं मूळ निकामी होतं. केसच मुळासकट उपटला तर उजेडानं धरायचं काय? म्हणून खऱ्या लेसरच्या आधी फक्त रेझर फिरवतात, कित्येक आठवडे वॅक्स, दोरा, चिमटा सगळं बंद ठेवायला सांगतात, आणि डोळे झाकल्याशिवाय यंत्र सुरूच करत नाहीत. खरं लेसरसुद्धा केस कमी आणि बारीक करतं. सगळे कायमचे जातील असं कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणजे आम्ही १८,००० रुपये वॅक्सचे मोजले होते.

त्यांनी पुढं विचारलं, “पाळी किती दिवसांनी येते?” लेक खाली बघत म्हणाली, दोन-तीन महिन्यांनी. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, पीसीओडी निघाला, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचा त्रास. अंगात पुरुषी हार्मोन वाढलं म्हणून ते केस येत होते. पार्लरमध्ये हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि याचंच मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं. वयात येताना पाळी मागं-पुढं होतेच असं समजून मी गप्प बसले होते.

आता गोळ्या चालू आहेत. केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी लागतील असं सांगितलंय. तोवर रेझर वापरायला हरकत नाही. रेझरनं केस दाट होतात ही माझी भीतीही खोटी निघाली; कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पुरावा मात्र फोनपेच्या ८,००० चाच आहे, रोख दिलेल्या १०,००० चा कागदच नाही.

अशा पार्लरात जाणाऱ्या अजून कितीतरी पोरी असतील. त्यातली कोणी तुमच्या घरची असेल तर पैशाचं नंतर बघा, आधी तिला जवळ बसवून पाळीचं विचारा.