शेलचेक काही महिने रोज वापरल्यावर: भरवशाच्या स्क्रिप्टसाठी ते काय करतं आणि काय आपल्यालाच करावं लागतं

शेलचेक हे शेल स्क्रिप्ट, म्हणजे शेल या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली कमांडची यादी, तपासायचं टूल मी यंदा पावसाळ्याच्या आधीपासून रोज वापरतोय, दिवाळी अंकांची सगळी गडबड त्याच्यासोबतच पार पडली, म्हणून आता नीट वेळ काढून लिहितोय. ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, टूल उत्तम आहे, फुकट आहे, आणि बॅश नावाच्या शेलच्या स्क्रिप्टवर ज्यांचं रोजचं काम चालतं त्यांनी आजच टाकून घ्यावं. पण ते टाकलं म्हणजे स्क्रिप्ट भरवशाची झाली असं बिलकुल नाही, बरंच काम त्याच्या बाहेरचं आहे आणि मला त्याबद्दलच जास्त लिहायचंय.

आधी माझं काम काय ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. गिरगावात आमचं छोटं प्रकाशनाचं ऑफिस आहे, तिथे मी सर्व्हर, बॅकअप, लेखकांकडून आलेल्या फायली लावून आर्टिस्टच्या फोल्डरमध्ये टाकणं, फायनल पीडीएफ प्रेसला पाठवणं, वेबसाइटचा डेटाबेस रात्री उतरवून घेणं असं सगळं बघतो. राहतो डोंबिवलीला. रविवारी मेगाब्लॉक, जुलैमध्ये ट्रॅकवर पाणी, अशा दिवशी सर्व्हरपाशी कोणी पोचूच शकत नाही, त्यामुळे रात्रीचं काम आपोआप झालं पाहिजे आणि नाही झालं तर मला सकाळी लगेच कळलं पाहिजे, एवढी साधी गरज. मी आलो तेव्हा ऑफिसात जुन्या स्क्रिप्टचा ढीग होता, चालायच्या, पण एखादी कधी नुसतीच अर्धं काम करून गप्प बसायची आणि ते कुणाला कळायचंही नाही.

शेलचेक स्क्रिप्ट चालवत नाही, नुसती वाचतं आणि कुठल्या ओळीत काय धोका आहे ते नंबर देऊन सांगतं. व्हिदार होलेन यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, हॅस्केल भाषेत लिहिलेला, एसएच, बॅश, डॅश आणि कॉर्न शेल हे त्याला समजतात. जुन्या ढिगावर पहिल्यांदा फिरवलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळा एकच सूचना आली, एससी२०८६, म्हणजे व्हेरिएबलभोवती (किंमत साठवलेलं नाव) डबल कोट लावा. वाचायला किरकोळ वाटतं पण आमच्यासारख्या ऑफिसात हाच सगळ्यात मोठा रोग आहे, कारण लेखक फायलींना नावं देतात ती 'कथा अंतिम (२)', 'कथा अंतिम नवीन', 'दीर्घकथा – शेवटचा खर्डा' अशी. कोट नसले की बॅश ते नाव स्पेसपाशी तोडतं आणि 'कथा' नावाची एक फाइल, 'अंतिम' नावाची दुसरी फाइल अशी शोधायला जातं, मिळत नाही, एरर लॉगमध्ये पडून राहते आणि कथा मात्र आर्टिस्टकडे पोचतच नाही. तसंच एलएसचं (फायलींची यादी देणारी कमांड) आउटपुट घेऊन त्यावर फॉर लूप फिरवायची सवय, तीही शेलचेक लगेच पकडतं. त्याऐवजी थेट डॉट स्लॅश स्टार लिहावं, पुढे डॉट स्लॅश असला की मायनसने सुरू होणाऱ्या नावाची फाइल कमांडला ऑप्शन वाटत नाही. खोल फोल्डरमधून शोधायचं असेल तर शोधणाऱ्या फाइंडला प्रिंट शून्य आणि मिळालेली नावं पुढच्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्जला मायनस शून्य द्यावं, म्हणजे नावात स्पेस असो, कंस असो, अगदी नवीन ओळ असो, काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट, रिकामं व्हेरिएबल. हे ज्याला पटलेलं नाही त्याने २०१५ च्या जानेवारीतलं स्टीम या गेम्सच्या ॲपचं प्रकरण जरूर वाचावं. लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरचा पत्ता व्हेरिएबलमध्ये घेऊन त्यातलं सगळं आरएम मायनस आरएफने उडवायची ओळ होती, त्या ओळीच्या वर कॉमेंटमध्ये 'स्केरी' असं लिहिलेलंही होतं. काही परिस्थितीत तो पत्ता रिकामा आला, उरला नुसता स्लॅश आणि स्टार, आणि लोकांच्या स्वतःच्या फायली, जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्यासुद्धा, गेल्या. कोट त्या ओळीत होते हे लक्षात घ्या, कोट पुरेसे नव्हते. अशा ओळीवर शेलचेक एससी२११५ दाखवतं आणि सुचवतं की महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका, मग ते रिकामं असलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. सीडी (फोल्डर बदलायची कमांड) केल्यावर ते जमलं की नाही हे न बघता पुढची डिलीटची ओळ लिहिली असेल तरी ते सांगतं. आमच्या जुन्या ढिगात असल्या ओळी होत्या आणि त्यांनी काही नुकसान केलं नाही हे निव्वळ नशीब.

आता सेट मायनस ई (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवा), मायनस यू (न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की थांबवा) आणि पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली की सगळंच फसलं धरा). ही तिन्ही वर लिहिली की काम झालं असं जिथे तिथे सांगतात, मी पण लिहितो, प्रत्येक बॅश स्क्रिप्टमध्ये लिहितो, पण ती कुठे काम करत नाहीत ते माहीत नसेल तर खोटा विश्वास बसतो आणि तो जास्त वाईट. पाइपफेलचा फायदा सरळ आहे. डेटाबेसचा डंप काढून तो पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला) फाइल छोटी करणाऱ्या जीझिपला दिला आणि डंप सुरुवातीलाच फसला, तरी जीझिप आपलं काम नीट करून शून्य एक्झिट कोड (म्हणजे यशस्वी) देतं आणि पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो, म्हणजे स्क्रिप्टच्या दृष्टीने सगळं छान. मागे उरते २० बाइटची एक फाइल, कारण रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल तेवढीच होते. बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० बाइटची फाइल दिसली तर समजा त्या दिवशीचा बॅकअप नाही. पाइपफेल लावलं की हे पकडलं जातं.

पण मायनस ई इफच्या कंडिशनमध्ये चालत नाही, अँड अँड किंवा ऑर ऑरच्या डाव्या बाजूला चालत नाही, आणि एखादं फंक्शन इफमधून बोलावलं तर त्या फंक्शनच्या आतल्या सगळ्या ओळींसाठी ते बंद होतं, हे फार जणांना माहीतच नसतं. शेलचेक हे एरवी सांगत नाही, चेक सेट ई सप्रेस्ड नावाचा ऑप्शनल चेक मुद्दाम चालू करावा लागतो. तो कराच. लोकल (फंक्शनपुरतं व्हेरिएबल) लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट घेतलं तर कमांड फसली तरी लोकल यशस्वी होतं आणि फसणं झाकलं जातं, हे मात्र ते आपण न सांगता पकडतं, एससी२१५५, उपाय म्हणजे लोकल एका ओळीत आणि असाइनमेंट पुढच्या ओळीत. काउंटर शून्य असताना डबल कंसात प्लस प्लस केलं तर एक्झिट कोड १ येतो आणि मायनस ईमुळे स्क्रिप्ट मरते, तसंच ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) काही सापडलं नाही तरी तो १ देतो, ती एरर नसते, २ किंवा जास्त आला तर खरी एरर. हे सगळं वाचून कंटाळा येईल पण रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये याच गोष्टी घात करतात.

इथपर्यंत शेलचेकची मदत होते. पुढचं त्याला दिसूच शकत नाही.

क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा प्रोग्राम. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये १२७ कोड देऊन मरते म्हणजे कमांड सापडली नाही, कारण क्रॉनचा पाथ (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) अगदी छोटा असतो, आपल्या लॉगिनच्या फायली तो वाचत नाही. स्क्रिप्टच्या वरच पाथ स्वतः लिहून टाकावा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाची फाइल) ओळीत पर्सेंटचं चिन्ह सरळ चालत नाही, त्याची नवीन ओळ होते, म्हणून तारीख काढायचं काम क्रॉनटॅबमध्ये न करता स्क्रिप्टच्या आत करावं. आणि टाइमझोन! क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतात, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्या रात्री २ ला चालवायचं असेल तर तिथे आदल्या दिवसाचे २०:३० लिहावे लागतात आणि फाइलच्या नावात तारीख घेतली तर तीही आदल्या दिवसाचीच पडते. आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत हा घोळ राहतो. डेट कमांडच्या आधी टीझेड एशिया स्लॅश कोलकाता दिलं की नावात आपली तारीख येते. ऐन दिवाळी अंकाच्या दिवसांत 'कालचा पीडीएफ कुठला' या प्रश्नाचं उत्तर फाइलच्या नावावरून मिळालं पाहिजे म्हणून मी यासाठी फार आग्रही आहे.

मग लॉक. दर पंधरा मिनिटांनी चालणारी सिंकची स्क्रिप्ट नेट हळू असलं की संपायच्या आधीच दुसरी सुरू होते आणि दोघी एकाच फोल्डरमध्ये लिहायला लागतात. फ्लॉक मायनस एन लावा, पहिली चालू असेल तर दुसरी गपचूप निघून जाते, आणि स्क्रिप्ट मेली तरी लॉक आपोआप सुटतो, हातानं बनवलेल्या लॉक फाइलसारखा मागे राहत नाही. नेटवर अवलंबून असलेल्या प्रत्येक कमांडला टाइमआउट द्या, वेळ संपली तर कोड १२४ येतो. एसएसएचला (दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन करणारी कमांड) बॅचमोड येस द्या, नाहीतर पासवर्ड विचारत तसंच बसून राहू शकतं. वाइल रीडच्या लूपमध्ये एसएसएच वापरलं तर ते उरलेली यादीच गिळून टाकतं आणि लूप पहिल्या सर्व्हरनंतर संपतो, याला मायनस एन द्यावा लागतो, आणि हे मात्र शेलचेक पकडतं, एससी२०९५, याबद्दल मला त्याचं खरंच कौतुक वाटतं.

अर्धवट फाइल हा प्रेसच्या कामातला फार महागडा प्रकार. पीडीएफ कॉपी होत असतानाच समोरच्याने उचलला तर मागची पानं गायब. म्हणून आधी त्याच डिस्कवर तात्पुरत्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झालं की एमव्हीने खरं नाव द्यायचं, एकाच फाइलसिस्टिमवर हे एका झटक्यात होतं, मधली अवस्था कुणाला दिसत नाही. तात्पुरतं फोल्डर एमकेटेम्प मायनस डीने बनवा आणि ट्रॅप लावून एक्झिटला साफ करा.

मराठी नावांचं एक खास. लिनक्सवर ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलंतसुद्धा वेगळे मोजून. 'प्रकाशन' या शब्दाचेच २१ बाइट होतात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि लेखाचं अख्खं शीर्षक फाइलला नाव म्हणून देणारे लेखक ही मर्यादा सहज ओलांडतात. शिवाय आपले ०१२ आणि इंग्रजी आकडे स्क्रिप्टला वेगळे, पॅटर्नमध्ये इंग्रजी आकडे लिहिले असतील तर 'अंक २०२४' मधलं साल सापडणार नाही. आमच्याकडे आता मूळ नाव एका यादीत जपून ठेवतो आणि आतल्या कामासाठी छोटं क्रमांकाचं नाव देतो, तेव्हापासून शांतता आहे.

टूलबद्दलच्या तक्रारी पण सांगतो. झेडशेल त्याला अजिबात चालत नाही. बॅशचं व्हर्जन ते बघत नाही, आमचे आर्टिस्ट मॅकवर आहेत आणि मॅकवर बॅश अजून २००६ सालच्या ३.२ चं आहे, मॅपफाइल ही कमांड त्यात नाही, पण शेलचेक ती स्वतःहून सुचवतं. दुसऱ्या फाइलमधून घेतलेली फंक्शन्स बघायला मायनस एक्स द्यावा लागतो. आणि काही वेळा सूचना बरोबर असूनही आपल्या कामाला लागू नसते, तेव्हा त्या ओळीवर डिसेबलची कॉमेंट टाकता येते. मी बाजूला कारणही लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर कुणीतरी हे वाचणार आहे.

जे काम मी कुठल्याही टूलवर सोडत नाही ते म्हणजे बॅकअप परत उघडून बघणं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडाला, आणि बॅकअप बघायला गेले तर डंपच होत नव्हता, कारण डेटाबेस ९.६ व्हर्जनचा आणि डंप काढणारा प्रोग्राम ९.२ चा. फसल्याचे ईमेलसुद्धा पोचत नव्हते. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहून ठेवलंय, त्याबद्दल मला फार आदर आहे. त्यावरून मी दोन गोष्टी केल्या. स्क्रिप्ट फसल्यावर मेल पाठवण्याऐवजी यशस्वी झाल्यावर मोबाइलवर निरोप येतो, आणि सकाळी निरोप नसेल तर बघायचं, म्हणजे मेल अडला, सर्व्हर बंद पडला, क्रॉनच चाललं नाही, सगळं यात धरलं जातं. आणि दर महिन्याला एखाद्या जुन्या अंकाचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर परत आणून पीडीएफ उघडून पानं बघतो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी, उबंटूवर ॲप्टने आणि मॅकवर ब्रूने लगेच येतं. जुनी स्क्रिप्ट असेल तर सूचनांचा पूर येतो आणि लोक वैतागून सोडून देतात, त्यापेक्षा आधी सिव्हिरिटी (सूचना किती गंभीर ती पायरी) एररवर ठेवून तेवढं दुरुस्त करा, मग वॉर्निंग. पण तिथे थांबू नका, कारण कोटची ती एससी२०८६ वॉर्निंगच्या खालच्या इन्फो पायरीत मोडते, वॉर्निंगवर अडवून ठेवलं तर ती दिसणारच नाही.