अर्धवट राहिलेल्या जॉबचा रीट्राय: पहिल्यापासून, खुणेपासून की तुकड्यांत?

एका जॉबला (पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाला) ५,००० ग्राहकांची बिलं बनवून ईमेल करायची आहेत आणि ३,१२० बिलं गेल्यावर वर्कर, म्हणजे तो जॉब चालवणारी प्रोसेस, मेला. जॉब वाटून देणाऱ्या क्यूला एवढंच कळतं की अ‍ॅक (काम झाल्याची पोच) आला नाही. आत किती काम उरकलं याचा तिला पत्ता नसतो, म्हणून ती जॉब जसाच्या तसा पुन्हा कुणाच्या तरी हाती देते.

पहिल्यापासून चालवणं सगळ्यात स्वस्त. जॉब दोन-तीन मिनिटांचा असेल आणि सगळे बदल आपल्याच डेटाबेसात होत असतील, तर ग्राहक आणि महिना यांवर युनिक इंडेक्स लावा (म्हणजे तीच नोंद दोनदा होत नाही), पोस्टग्रेस डेटाबेसात 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (नोंद आधीच असेल तर सोडून दे) वापरा आणि इथेच थांबा. ईमेलचं तसं नाही, गेलेला ईमेल परत येत नाही.

दुसरा मार्ग खुणेचा: दर १०० ग्राहकांनंतर शेवटचा आयडी नोंदवायचा आणि रीट्राय तिथून पुढे. खूण आणि काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, म्हणजे दोन्ही एकत्र नोंदले जातात किंवा एकही नाही. खूण आधी टाकली तर काही ग्राहक सुटतात, नंतर टाकली तर काहींचं काम दोनदा होतं. खूण आयडीचीच ठेवा; मधल्या काळात टेबलातली एखादी ओळ डिलीट झाली की ऑफसेट ('कितवी ओळ' हा आकडा) सरकतो.

तिसरा, दर ग्राहकाला एक छोटा जॉब. बिलांसाठी हाच घ्यावा: एका चुकीच्या पत्त्यापायी बाकीचे ४,९९९ अडकत नाहीत आणि तो एकटाच डेड-लेटर क्यूमध्ये (पुन्हा पुन्हा फसलेल्या जॉबच्या वेगळ्या क्यूमध्ये) जातो. मात्र 'सगळी बिलं झाली का' हे मोजायला काउंटर वापरू नका. जॉब दोनदा चालला की तोही दोनदा घटतो. टेबलात प्रत्येक बिलाची स्थिती ठेवून 'बाकी' असलेली मोजा. तुकडे पाडणारा मूळ जॉबही मध्येच मरू शकतो, म्हणून तुकड्याची ओळख ग्राहक आणि महिन्यावरून बनवा, रँडम नको.

बाहेरच्या सेवेला आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) पाठवली म्हणजे भागलं असं वाटतं. पण स्ट्राइप या पेमेंट सेवेच्या व्ही१ एपीआयमध्ये की २४ तासांनंतर काढून टाकली जाऊ शकते आणि साइडकिक या रुबीच्या जॉब-क्यूचे डिफॉल्ट २५ रीट्राय सुमारे तीन आठवडे चालतात. चौथ्या दिवशीचा रीट्राय नवं पेमेंट ठरू शकतो. पेमेंटच्या जॉबचे रीट्राय त्या मुदतीतच संपवा, पुढचं माणसाने बघावं.

मार्ग कुठलाही निवडा, टाइमआउट आधी तपासा. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस क्यूचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला जॉब इतर वर्करपासून लपवून ठेवण्याचा काळ) डिफॉल्ट ३० सेकंदांचा, कमाल १२ तासांचा. जॉब त्याहून लांबला तर पहिला वर्कर जिवंत असतानाच दुसरा तेच काम उचलतो. सेलेरी या पायथनच्या जॉब-क्यूची गत उलटी. तिथे अ‍ॅक मुळात काम सुरू होण्याआधीच जातो, त्यामुळे वर्कर मेला की जॉब गायब. 'अ‍ॅक्स लेट' (काम संपल्यावरच अ‍ॅक) चालू करा. मेमरी संपून प्रोसेस मारली जात असेल तर 'टास्क रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट' ही सेटिंगही लागेल. पण दरवेळी मेमरी खाणारा जॉब मग पुन्हा क्यूमध्ये येऊन बसतो आणि वर्करमागून वर्कर पाडतो, त्यामुळे प्रयत्न मोजण्याची सोय आपणच करून ठेवायची.